रिकाम्या काट्यावरचं वजन

काटा पोचवायचं काम एरवी माझं नाही. माझ्या काट्यांच्या दुकानात माणसं आहेत, हातगाडी आहे. पण त्या संध्याकाळी मी स्वतः ऑटोत बसलो, नवा वजनकाटा मांडीशी धरला आणि पाचपावलीच्या मागच्या बाजूला प्रेमानंद सरांच्या बॉक्सिंग क्लबात गेलो. कारण त्या दिवशीचा प्रमुख पाहुणा मीच होतो.

हसू नको गा, पियूष. आचारसंहिता लागली होती. दोन हजार चोवीस साल, एप्रिलची वीस तारीख, शनिवार. नागपूरचं मतदान आदल्याच दिवशी झालेलं. एरवी असल्या कार्यक्रमाला पुढारी न बोलावता येतात. त्या आठवड्यात एकही स्टेजवर चढायला तयार नव्हता. मग सरांनी मला फोन केला. "गोपाळभाऊ, तुम्हीच या. भाषण छोटं करा अन् काटा मोठा आणा."

आणि खुशी, तू जरा आजोबाजवळ सरक. लाईट यायला वेळ आहे. आजही अर्धी पोळी खाऊन उठलीस, आणि दुकानातल्या काट्यावर रोज उभी राहतेस, ते मला दिसतं. मी काही म्हणत नाही. गोष्ट सांगतो फक्त. झालेली आहे. सरांवर बेतलेली, आणि थोडी माझ्या कानावर.

तर क्लब. हंगाम संपल्याचा कार्यक्रम होता. जिल्हा स्पर्धेत सात पदकं आली होती, त्यामुळे लोकांनीही हात सैल सोडले होते. वर नवे टिनाचे पत्रे, रिंगवर नवं कॅनव्हास, पोरींसाठी कपडे बदलायची वेगळी खोली. आणि नवा काटा, माझ्याकडून. जुना लोखंडी काटा मी बदल्यात परत घेणार होतो. रिंगच्या दोरांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या, आणि सावजी मटणाच्या वासानं माझं भाषण मीच अर्ध्यावर आवरलं.

पाचपन्नास लोक जेवायला बसले. एका कोपऱ्यात सतरा वर्षांची एक पोरगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. गळ्यात सोन्याचं पदक, म्हणजे जिल्ह्याची चॅम्पियन. आणि समोरचं ताट उपडं. ती काजल. आईबाप कन्हानला, ती इथं आजीजवळ, जिजाबाईंजवळ राहायची. क्लबच्या अगदी मागच्या गल्लीत.

"काय गा सर, चॅम्पियनच उपाशी?" मी विचारलं.

"उद्या सकाळी आठले राज्य संघाची निवड आहे, भाऊ. अठ्ठेचाळीस किलोच्या गटात. काजल, चढ वं काट्यावर, भाऊले दाखव."

ती चढली. लाल आकडे थरथरले आणि थांबले. एकोणपन्नास किलो दोनशे.

"बाराशे ग्रॅम," सर म्हणाले. "रात्रीतून काढू. रेनकोट घालून पळायचं, घाम काढायचा."

"अन् पाणी?"

"पाणी म्हणजे पण वजनच ना, भाऊ."

काजल खाली उतरताना मला म्हणाली, "काकाजी, तुमच्या काट्यात थोडीशी दया नाही का?" ओठ सुकले होते तिचे, पण हसली.

"दया पाहिजे तर सरापाशी माग, पोरी," मी म्हटलं. "काट्यात बसवता येत नाही ती."

सगळे हसले. मीही हसलो. दहा वाजता जिजाबाई तिला घरी घेऊन गेल्या. जाताना म्हणत होत्या, "घोटभर ताक तरी पी वं माय." आणि ती म्हणत होती, "आजी, तू चूप बस."

आता इथं तुम्हाला मोहितचं सांगायला हवं. आठ वर्षांआधीची गोष्ट. मोहित हा त्याच क्लबचा पोरगा, बावन्न किलोच्या गटातला. हात असा चालायचा की समोरच्याला ठोसा लागल्यावर कळायचं. त्यालाही असंच रात्रीतून वजन उतरवायचं होतं. मे महिना, हॉलची दारं-खिडक्या बंद, अंगात प्लास्टिकचा रेनकोट, रिंगभोवती फेऱ्या. दर थोड्या वेळानं जुन्या काट्यावर चढायचं, आकडा पाहायचा, उतरायचं, पुन्हा पळायचं. सर तिथंच चटईवर झोपले होते. पहाटे उठले तेव्हा पळण्याचा आवाज थांबलेला होता. धंतोलीच्या दवाखान्यात नेता नेता रस्त्यातच गेला पोरगा.

सरांनी नंतर क्लब सोडला नाही, दारूला लागले नाहीत, काही नाही. फक्त कधीमधी चहा पिता पिता म्हणायचे, "अर्धा किलो राहिला होता, भाऊ. फक्त अर्धा किलो." जणू अर्धा किलोच दोषी होता.

आता माझं ऐका. मी सातवीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं काट्यांनी शिकवलं. माणूस वजनात खोट करतो, काटा करत नाही. त्याला जेवढा भार कळतो तेवढाच सांगतो. पाल चढली तर पालीचा, वारा लागला तर वाऱ्याचा. पण काटा म्हातारा होतो. त्या संध्याकाळी नवा काटा तपासायला वीस-वीस किलोची दोन मापं मी सोबत नेली होती. सवयीनं तीच जुन्या काट्यावरही ठेवली. चाळीस दाखवायला हवे होते. दाखवले साडेचाळीस. उचलून पुन्हा ठेवली. साडेचाळीस.

अर्धा किलो जास्त.

मी काही बोललो नाही. हॉलमध्ये गाणी लागली होती, माझ्यासाठी हार आणला होता. सणाच्या घरी कडू बोलू नये, असं मी मनाला सांगितलं आणि जुना काटा ऑटोत टाकून घरी आलो.

रात्री बारा पन्नासला फोन वाजला. प्रेमानंद सर. जेवणाचं सामान पडलेलं म्हणून ते राखणीला हॉलमध्येच झोपले होते.

"गोपाळभाऊ, तुमचा काटा बिघडला."

मी उठून गच्चीवर आलो, म्हणजे घरातल्यांची झोप मोडायला नको. "काय झालं?"

"रिकामा आहे अन् आकडा दाखवून राहिला. एकोणपन्नास पॉइंट दहा."

"होल्डचं बटन दबलं असन, जुना आकडा अडकला. बंद करा, चालू करा."

टक् असा आवाज आला. "हां. शून्य." मग लगेच, "नाही भाऊ... एकोणपन्नास."

"पंखे चालू असतील. हवा लागते उभं राहायच्या पाट्याले. बंद करा."

गिऱ्हाईक रात्री एकला तक्रार करतं तेव्हा चिडायचं नाही, हा माझा नियम. मी फोन कानाला लावून उभा राहिलो. तिकडे पंख्यांची घरघर मंदावली. थांबली. हॉल एकदम शांत झाला.

आणि मग मला ते ऐकू आलं.

चर्र... चर्र... चर्र... प्लास्टिकवर प्लास्टिक घासावं तसं. आणि त्याखाली पावलं. हलकी. लयीत.

"सर, कोण पळून राहिलं तिथं?"

"कोणी नाही."

"मले ऐकू येऊन राहिलं."

"...मलेही."

पावलं थांबली. काट्याचा पाटा किंचित दबतो तेव्हा एक बारीक आवाज होतो. तो मी हजारदा ऐकला आहे. तो झाला.

"आकडा सांगा, सर."

"अठ्ठेचाळीस नव्वद."

"पाल असन वर. पाहा."

"पन्नास किलोची पाल असते का गा, भाऊ?"

मी हसणार होतो. हसू आलं नाही. पुन्हा तो बारीक आवाज. उतरल्याचा. पुन्हा चर्र... चर्र... एक फेरी. दोन. किती, मोजता आलं नाही. मग थांबणं. मग पाटा.

"अठ्ठेचाळीस सत्तर."

"सर, तुम्ही बाहेर या."

"दाराकडे जायचं तर रिंगभोवतूनच जा लागते." त्यांचा आवाज पार खाली गेला होता. "ते तिथूनच पळून राहिलं."

मी आयुष्यभर आकडे पाहत आलेला माणूस. भीती वाटली तरी डोकं आकड्यावरच जातं. मोहित बावन्न किलोचा. हा आकडा त्याचा नव्हता. सुरू कुठून झाला होता? एकोणपन्नास दहा. त्याच्याआधी, त्या काट्यावर शेवटी कोण चढलं होतं?

"सर... काजल कुठं आहे?"

"घरी. झोपली असन."

"फोन लावून पाहा बरं."

"मघाशीच लावला होता, पळायची आठवण द्याले. उचलला नाही."

"मग तिच्या घरी जा. आत्ता."

"रात्री एकाले? पोरीच्या घरी? अन् काय सांगू भाऊ, तुमचा काटा..." पाटा दबला. सर आकडा वाचायला थांबले. "अठ्ठेचाळीस पन्नास. अजून अर्धा किलो राहिला आहे. फक्त अर्धा..."



ते वाक्य त्यांनी स्वतःच ऐकलं असावं.

मग मी बोललो. संध्याकाळी गिळलेलं ते. "सर, मोहितचा अर्धा किलो राहिला नव्हता. तुमचा जुना काटा अर्धा किलो जास्त दाखवते. मी मापं ठेवून पाहिलं. पोरगं वजनात आलं होतं. तरी पळत होतं."

पलीकडे काही नाही.

पावलं नाहीत. प्लास्टिक नाही.

नुसता श्वास. फोनच्या अगदी जवळ. कोरडा... तोंडानं घेतलेला... जीभ टाळूला चिकटल्यासारखा. आधी वाटलं, सर रडतात. पण सरांचा आवाज दुरून आला. फोनपासून दुरून.

"अठ्ठेचाळीस..."

"काय?"

"शून्य शून्य. बरोबर अठ्ठेचाळीस... भाऊ, ते आता हलून नाही राहिलं."

फोन खाली पडला. मला दार आपटल्याचं ऐकू आलं. मग धावणं. पण या पावलांचा आवाज जड होता. पन्नाशीच्या माणसाचा.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. सर अनवाणी गेले. जिजाबाई अंगणात खाटेवर झोपल्या होत्या. आतल्या खोलीला आतून कडी. कूलर बंद. हाका मारल्या, उत्तर नाही. लाथ मारून दार तोडलं. काजल फरशीवर पडलेली. रेनकोट हनुवटीपर्यंत बंद. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही. अंगात काही उरलंच नव्हतं बाहेर यायला. गल्लीतल्या कोणाची तरी गाडी काढली. दोनच्या आत धंतोलीत सलाईन लागलं.

डॉक्टरनं सरांना एवढंच विचारलं, "दार बंद होतं म्हणता. मग तुम्हाला कळलं कसं?"

वाचली, खुशी. वाचली. आता पन्नासच्या गटात खेळते. माझ्या दुकानात येते आणि मी मागवलेली कचोरी खाते. एक नाही, तीन.

पियूष, तू विचारशील म्हणून सांगतो: तो मोहित होता का, मला माहीत नाही. मी आकडे ऐकले, माणूस पाहिला नाही. आणि दुसरी एक गोष्ट आहे, जी मी सरांना अजून सांगितलेली नाही. जुना काटा त्या संध्याकाळी अर्धा किलो जास्त दाखवत होता, हे खरं. पण आठ वर्षांआधी किती दाखवत होता, हे कोण सांगणार? लोखंड झिजतं, स्प्रिंग सैल पडते. मी मात्र फोनवर छातीठोक बोललो. त्यामुळे ते उठून पळाले, हे बरं झालं. पण ते वाक्य आता त्यांच्यापाशी राहिलं आहे, आणि ते परत कसं घ्यावं हे मला कळत नाही.

सकाळी सातला मी क्लबात गेलो. दार सताड उघडं. सरांचा फोन जमिनीवर. काटा चालू होता आणि शून्य दाखवत होता. मापं ठेवली. चाळीस. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. खाली पाहिलं, वर पाहिलं, तार पाहिली. माझ्या काट्यात काही खोट नव्हती.

तेवढ्यात जेवणाचा ठेकेदार विक्की आला, आपलं सामान न्यायला. टेबलं घडी केली, कढया बाहेर ठेवल्या. भिंतीशी पाण्याच्या सहा कॅन उभ्या होत्या, वीस-वीस लिटरच्या.

"जास्तीच्या आहेत, काकाजी," तो म्हणाला. "काल उघडाच नाही लागल्या. भरलेल्याच वापस नेतो."

त्यानं कंबर वाकवली, दम धरला, पहिली कॅन जोर लावून उचलली आणि मागे धडपडत भिंतीवर आदळला. कॅन हातात फुलासारखी हलकी आली होती.

दुसरी उचलली. तिसरी. साही तशाच हलक्या.

"काल रात्री मीच ठेवल्या भरलेल्या," तो म्हणाला. "माझ्या हातानं."

खालची फरशी मी हातानं चाचपली. कोरडी होती. धूळसुद्धा ओली झालेली नव्हती. मी एक कॅन काट्यावर ठेवली. सातशे वीस ग्रॅम. नुसत्या प्लास्टिकचं वजन.

मग वाकून तोंडाचं सील पाहिलं. नख घालून ओढून पाहिलं. साही कॅनचं.

एकही उघडलेलं नव्हतं.