वळणावरचा व्हॉलंटियर

“आई गं... नाही जमणार मला!” सावनी पुटपुटली आणि उताराच्या माथ्यावरच तिने पायांतल्या स्की काढून हातात घेतल्या.

“चालत उतरणार? निसरडं आहे हं,” मागून कुणीतरी म्हणालं.

ती दचकलीच. व्हरमाँटच्या या पाइनच्या जंगलात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत... मराठी? केशरी जॅकेट घातलेला एक उंच तरुण झाडांना खुणेच्या फिती बांधत होता. नाकाचा शेंडा लालबुंद.

“मी शार्दूल. नागपूरचा, सध्या वूस्टरला पीएच.डी. करतोय. उद्याच्या इथल्या चढ-उतारांच्या स्की-रेसला व्हॉलंटियर आहे. स्की येत नाही, म्हणून खालच्या वळणावर झेंडा धरून उभा राहणार! तू रेस बघायला आलीस?”

“रेसमध्ये आहे मी,” ती म्हणाली. “म्हणजे... शेवटची रेस कॉलेजात केली होती.”

आणि का कोण जाणे, नाव सांगता सांगता तिने सगळंच सांगून टाकलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी अशाच एका वळणावर ती पडली होती. मागून येणारी मुलगी अंगावर आदळली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन वर्षं होऊन गेली. पाय केव्हाच बरा झाला, पण उतार दिसला की अजून पोटात गोळा यायचा. वूस्टरशेजारी श्रूजबरीला, घरी, आई-बाबांनाही खरं सांगायचं धाडस झालं नव्हतं. मैत्रिणीकडे, नैनाकडे जाते, असं सांगून ती निघाली होती.

“एवढी भीती वाटते, तर आलीस कशाला?”

“स्वप्नात रोज पडते रे. एकदा खरंच उतरून बघायचंय.”

त्याने हातातली फीत झाडाला आवळली. “उद्या मी खाली त्या वळणावरच आहे.”

“मी पडले तर?”

“तर पहिला मी पोचेन.”

“आणि नाही पडले तर?”

“तर मला जेमतेम दोन सेकंद दिसशील... नुकसान माझंच!”

एवढ्या थंडीतही तिचे कान तापले.

सकाळी तिने छातीवर नंबर बांधला. शिट्टी झाली. चढावर पायांना जुनी लय सापडली. तिने चौघींना मागेही टाकलं. आणि मग माथा आला. खाली उतार काचेसारखा कडक, निळसर चकाकत होता.  बाजूला व्हावं का? मागून काठ्यांची टकटक जवळ येत होती... अगदी त्या दिवशीसारखी.

तिने काठ्या काखेत आवळल्या आणि अंग उतारावर सोडून दिलं.

वारा कानांत किंचाळला. वळण अंगावर धावून आलं. डावी स्की सटकली... गेलं, सगळं गेलं!

“सावनी!”

भेदरलेली हाक होती ती. सावनी खाली वाकली, भराभर छोटी पावलं टाकत वळली. झाडं, एक केशरी ठिपका... आणि समोर सपाट पांढरी वाट. ती उभी होती!

बावन्न जणींत तिचा नंबर एकतिसावा आला. गरम सूपच्या रांगेत न थांबता ती परत वळणापाशी गेली. शेवटची स्पर्धक जाईपर्यंत शार्दूलला हलता येत नव्हतं. त्याची बोटं झेंड्याच्या काठीवर आखडली होती.

“ओरडलास काय एवढा?”

“घाबरलो यार. डोळेच मिटले मी,” तो म्हणाला. मग खाली बघत, “सावनी... मेमध्ये मी पार पश्चिम किनाऱ्यावर, सांता क्लाराला चाललोय. जॉब मिळालाय. कालपासून वाटतंय, तुला हे सांगूच नये.”

तिच्या पोटात पुन्हा तोच गोळा. उतार मात्र कुठेच नव्हता. तिने त्याची गार बोटं आपल्या दोन्ही हातांत घेतली.

“मे यायला अजून तीन महिने आहेत. रविवारी घरी जेवायला ये. मी आई-बाबांना सगळं सांगणार आहे... रेसचं, आणि तुझंही.”

“माझं काय सांगशील?”

“आवडतोस म्हणून.”

झेंडा त्याच्या हातातून बर्फात पडला.

“मला भीती वाटतेय,” तो हळूच म्हणाला.

“मलाही,” ती म्हणाली. “सहा वाजता ये.”