ओळखीची लहर

दूध मंद आचेवर ठेवून वृषालीने नवऱ्याच्या कानामागे ओळखचकती चिकटवली आणि ती त्याच्यासमोर जाऊन बसली. उदय क्षणभर कोऱ्या नजरेने पाहत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला.

"वृषा! केव्हा उठलीस?"

या एका हाकेवर तिचा दिवस निघायचा. बाकी घरात कुणी येत-जात नव्हतं.

मेंदूज्वरातून उदय वाचला, चालू-बोलू लागला. पण बायको त्याला परकी झाली. तपासणीत मेंदूतल्या जोडणीचा नकाशा मात्र धडधाकट निघाला. "तारा शाबूत आहेत," डॉक्टर कोतवाल म्हणाल्या होत्या, "पण त्यांतून धावणाऱ्या लहरी क्षणाक्षणाला बदलतात. ओळख पटण्याची लहर यांच्यात उठतच नाही. ती आपण या चकतीने बाहेरून उठवू."

त्या दुपारी वृषाली गच्चीवर कपडे वाळत घालत असताना बेल वाजली. ती खाली येईपर्यंत उदयने दार उघडलं होतं. औषधांचं पार्सल घेऊन आलेली बाई उंबऱ्यात अवघडून उभी होती. तिचा हात धरून उदय म्हणत होता, "वृषा, किती वेळ लावलास गं! डोळे लागले होते दाराकडे."

तोच आवाज. तोच उजळलेला चेहरा.

बाईची माफी मागून वृषालीने दार लावलं आणि डॉक्टरांना फोन केला.

"समोर कोण आहे हे चकतीला कळत नाही," डॉक्टर चाचरत म्हणाल्या. "ती फक्त लहर उठवते."

"आणि काढून टाकली तर?"

"जोडणी आहे, म्हणजे वाट आहे. लहर कधीतरी आपणहून त्या वाटेला लागेलही. खात्री नाही देता येत. पण रोज बाहेरून उठवत राहिलो, तर ती आपली आपण उठणं अवघड होत जाईल, असं मला अलीकडे वाटू लागलंय."

वृषालीने चकती काढली. उदय जरा सरकून, अंग चोरून बसला.

"बाई, आपण कोण?"

"मी वृषाली." पुढे 'तुझी बायको' म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"छान नाव आहे." मग तो संकोचून म्हणाला, "दिवसभर एकटाच असतो हो मी इथं. बोलायला माणूस नाही. तुम्ही उद्याही याल का?"