तीन सेकंदांचा दिवा

चावी फिरवली की तो पिवळा दिवा लागतो आणि तीन सेकंदांनी विझतो. गॅरेजमधल्या चार ट्रकांवर मोजपट्टीने हे घड्याळ लावून पाहिलं होतं. पाचवा ट्रक आत्याचा. त्याचा दिवा चाळीस सेकंद झाले तरी जळतच होता.

मोजपट्टी म्हणजे बारा वर्षांची पोरगी. सुट्टीत काकांच्या गॅरेजात आली की दिसेल ते मोजत सुटायची, म्हणून हे नाव. शेजारच्या सीटवर काकांचा मुलगा भोंगा होता. वयाने दोन वर्षांनी लहान, आवाजाने दुप्पट.

"आळशी दिवा आहे," भोंगा म्हणाला. "झोप झाली की विझेल."

"एबीएसचा दिवा आहे तो. ब्रेकचा. काकांनी शिकवलेलं विसरलास?"

"चाकाजवळ दातेरी कडं असतं, सेन्सर त्याचे दात मोजतो," भोंग्याने घडाघडा म्हणून दाखवलं. "ब्रेक दाबल्यावर चाक जाम व्हायला लागलं की त्याला कळतं. मग व्हॉल्व्ह त्या चाकाच्या ब्रेकमधली हवा सोडतो, भरतो, सोडतो, भरतो. चाक फिरत राहतं, घसरत नाही. तुझाच भाऊ तो सेन्सर. सारखा मोजत बसतो."

"आणि दिवा विझलाच नाही तर?"

"तर बिघाड." भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

तेवढ्यात आत्या वर चढली. "सरका रे टोळभैरवांनो. ब्रेकच्या टाक्यांत हवा भरू दे. माल चढलाय, जेवणाआधी घाट उतरायचाय." बाहेर सकाळपासून भुरभुर चालू होती.

तिने इंजिन सुरू केलं. पिवळा दिवा विझला.

"विझला बघ," भोंगा म्हणाला.

पण मोजपट्टीची नजर शेजारच्या तांबड्या दिव्यावर होती. तो ऑइलचा. इंजिन फिरून तेलाला दाब आला की विझणारा. तोही नेमका त्याच क्षणी विझला होता.

"आत्या, एकदा बंद करून परत सुरू कर ना."

आत्याने तीनदा केलं. तिन्ही वेळा दोन्ही दिवे एकदमच विझले. तिचं हसू मावळलं. तिने इंजिन बंद करून डॅशबोर्डखालचं झाकण उघडलं. मोजपट्टीने टॉर्च धरला. एबीएसच्या दिव्याची वायर कापून ऑइलच्या दिव्याला जोडलेली होती.

"ब्रेक ओरडून सांगतायत, आणि कुणीतरी त्यांचं तोंड दाबलंय," आत्या पुटपुटली.

"बाबांना सांगतो," भोंगा उसळला. "ज्याने केलं त्याची धडगत नाही."

मोजपट्टीने टॉर्च जोडाजवळ नेला. जोडावर काळी टेप होती, आणि टेपचं टोक नखाएवढं दुमडलेलं होतं. 'टोक दुमडावं, पुढच्या माणसाची नखं वाचतात.' हे दोघांनी या गॅरेजात शंभरदा ऐकलं होतं. तसं टोक दुमडणारा माणूस इथे एकच होता.

भोंग्यालाही ते दिसलं.

काका खाली उभे होते, हातात पुसायचं फडकं. किती वेळ, कोण जाणे.

"दादा, हे तू केलंस?" आत्याने विचारलं.

"मागच्या चाकाचा सेन्सर गेलाय," काका फडक्याकडे बघत म्हणाले. "तीन आठवडे झाले, नवा येईना. दिवा जळतोय म्हणून तू गाडी काढेनास, आणि मालवाले थांबेनात. म्हटलं, आला की बसवू. आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. साधे ब्रेक तर लागतातच."

"लागतात," मोजपट्टी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "पण ओल्या घाटात मागची चाकं जाम झाली तर सोडवणारं कुणी नाही. काका, तुम्हीच शिकवलंत ना?"

आत्या पायरीवर बसली. "पाच वेळा घाट उतरले मी. तुझ्या हाताखालून गेलेली गाडी, म्हणून निर्धास्त."

भोंग्याने दुमडलेलं टोक धरून टेप ओढली. ती अलगद निघाली. खाली उतरून त्याने ती वडिलांच्या तळहातावर ठेवली.

काकांच्या खिशात फोन वाजू लागला. मालवाल्यांचा. त्यांनी तो वाजू दिला, मोजपट्टीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं मोजलंस, पोरी."

मग फोन कानाला लावला.

"ट्रक आज निघणार नाही. सेन्सर बसेपर्यंत निघणार नाही. हो, हे मी तीन आठवड्यांपूर्वीच सांगायला हवं होतं."