तीन हाका

खोटं सांगत असेन तर माझे उरलेले चार दात आजच पडोत.

ही गोष्ट माझ्या धाकट्या दिरांची. मंगळवारची, भर दुपारची... आमच्या गावाबाहेरच्या स्टेशनातली.

एकेकाळी तिथे दिवसाला सहा गाड्या थांबायच्या. मास्तर होते, पार्सलची खोली होती, चहावाला होता. मग एकेक करत गाड्या कमी झाल्या. मास्तर गेले, चहावालाही गेला. उरली मंगळवार-शुक्रवारची एक पॅसेंजर, आणि तिला झेंडा दाखवायला आमचे भाऊजी. बाकीच्या गाड्या न थांबता धडधडत निघून जायच्या.

पॅसेंजर गेली की वेटिंग रूमला कुलूप. त्याआधी दारातून तीन हाका मारायच्या, "कोणी आहे का आत?" हा मास्तरांच्या वेळचा नियम. मग आत जाऊन बघायचं, हाही नियमच. पण भाऊजींना ती चार पावलं जड व्हायची.

एका उन्हाळ्यात एका म्हातारीचा दारामागच्या बाकावर डोळा लागला. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली. ठार बहिरी.

मंगळवारी कुलूप लागलं.

शुक्रवारी उघडलं.

दाराला आतून नखांचे ओरखडे होते...

म्हातारीच्या मरणाच्या चौकशीला साहेब आले. भाऊजी छाती पुढे काढून म्हणाले, "मी नियमाप्रमाणे तीन हाका मारल्या. ऐकू येत नाही तर झोपावंच कशाला माणसानं?"

साहेबांनी मान डोलावली. आत पाण्याचा माठ भरून ठेवायचा हुकूम काढला, झालं.

वहिनीनं विचारलं, म्हणजे मीच हो, "भाऊजी, माठ तरी भरता ना?"

"वहिनी, झाकण ठेवलं की रिकामा माठही भरलेलाच दिसतो!" आणि खो खो हसले.

वर्ष गेलं. पुन्हा उन्हाळा, पुन्हा मंगळवार. तीन दहाची पॅसेंजर गेली. भाऊजींना तिथूनच सासुरवाडीला जायचं होतं. पिशवी आतल्या बाकावर राहिली होती, म्हणून ते चार पावलं आत गेले.

मागे दार लागलं.

अलगद. वाऱ्याची झुळूकही नव्हती...

मग बाहेरून आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा, घोगरा.

"कोणी आहे का आत?"

"आहे, आहे! उघडा!"



"कोणी आहे का आत?"

"आहे म्हटलं ना! अहो आजी, बहिऱ्या आहात का?"

शब्द तोंडातून गेला आणि भाऊजींना ती म्हातारी आठवली.

"कोणी आहे का आत?"

भाऊजी घसा फाटेस्तोवर ओरडले. दोन्ही मुठींनी दार बडवलं. बाहेरचं माणूस थोडं थांबलं... आपण उत्तराची वाट बघतो ना, तसं.

मग... खट्.

किल्ली भाऊजींच्याच खिशात होती.

माठाचं झाकण काढलं. आत कोळ्याची जाळी.

दुसऱ्या दिवशी एक न थांबणारी गाडी धडधडत गेली तेव्हा त्यांनी खिडकीच्या गजांतून हात काढून जिवाच्या आकांतानं हलवला. डब्यातल्या पोरांनी हसत हसत टाटा केला.

घरी आम्ही निवांत. भाऊजी सासुरवाडीला मजेत असतील म्हणून.

शुक्रवारी पॅसेंजर थांबली, पण झेंडा दाखवायला कोणी नव्हतं. गार्डनं उतरून खिडकीतून डोकावलं आणि कुलूप फोडलं. भाऊजी जिवंत होते. बोटांना नखं तेवढी उरली नव्हती.

मी चमच्यानं पाणी पाजलं. दोन घोट गेल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"तिचं काही चुकलं नाही, वहिनी. तीन हाका मारल्या तिनं. नियमाप्रमाणे."

कुलूप कोणी लावलं, ते आजवर कळलं नाही. स्टेशनही मग कायमचं बंद झालं.

मी मात्र घरातल्या कुठल्याही खोलीचं दार लावण्याआधी आत जाऊन बघते. चार पावलं. गुडघे कितीही ठणकू देत.

हल्ली मलाही जरा कमीच ऐकू येतं...