विश्वकर्मापूजेच्या दिवशी काढलेली गाडी

पहिलंच सांगते, हे खरं घडलेलं आहे.

पटलं तर वाचा, नाही पटलं तर पुढे सरका. मी कुणाच्या गळी उतरवायला बसलेले नाही. आणि ज्यांना खाली "पण तुम्ही गेलातच कशाला" असं लिहायचंय त्यांनी ते मनातच ठेवावं. घरात मला ते पुरेसं ऐकवून झालंय.

तारीख १७ सप्टेंबर २०२५. बुधवार.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. दुपारचा एक वाजला होता, लख्ख ऊन होतं आणि डाव्या हाताला समुद्र होता.

मी ऋता. कोलकात्यात न्यू टाउनला एका आयटी कंपनीत आहे. नवरा सलील त्या महिन्यात कामासाठी सिंगापूरला होता. सासू-सासरे आमच्याजवळच राहतात. सासरे, म्हणजे बाबा, केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन तीस वर्षांपूर्वी इथे आले आणि इथलेच झाले. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, बाबांनी एक भंगार पिकअप विकत घेतली. १९५४ ची अमेरिकन. एका चहाच्या मळ्यात झाडाखाली सडत पडली होती.

बेहालाच्या निमाईदाच्या गॅरेजमध्ये ती नऊ वर्षं उभी होती. बाबा दर शनिवारी जायचे, स्वतः घासकाम करायचे. निळा रंग त्यांनीच निवडला. गाडी तयार झाली की समुद्राच्या कडेने चालवत न्यायची, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

गाडी तयार होत गेली आणि बाबांची नजर जात गेली.

काचबिंदू. उजवा डोळा आधीच गेला होता. डाव्यात मधोमध एक छोटं वर्तुळ उरलं होतं, नळीतून बघावं तसं. शुक्रवारी, एकोणीस तारखेला ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "उरलंय ते वाचेल, किंवा तेही जाईल. निम्मं-निम्मं धरा."

गुरुवारी दवाखान्यात भरती व्हायचं होतं.

म्हणजे बुधवार. त्यानंतर बाबांना समुद्र दिसेल की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं.

"पितृपक्ष चालू आहे, आत्ता कसली नवी गाडी बाहेर काढतेस?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचं नाव सुचित्रा, आणि एकदा नाही म्हटलं की नाही.

"आई, गाडी सत्तर वर्षांची आहे. तिला नवी कोण म्हणेल?"

त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. मी डबा भरून घेतला आणि निघाले.

आता माझी चूक सांगते. हो, चूक माझीच.

निमाईदा फोनवर म्हणाला होता, "पूजा के दिन एकदम रेडी रहेगा, बौदी." बौदी म्हणजे वहिनी. मी म्हटलं छान. आपल्याकडे दसऱ्याला काय करतात? गाडी धुतात, हार घालतात, नारळ फोडतात आणि लगेच एक फेरी मारून आणतात. पूजा म्हणजे गाडी बाहेर काढायचा मुहूर्त, हेच डोक्यात. सहा वर्षं कोलकात्यात राहून मी कधी विचारलंच नाही की विश्वकर्मापूजेला इथे काय करतात.

इथे त्या दिवशी यंत्राला सुट्टी असते. हत्यारं, मशीन, गाडी... सगळं पूजेला बसतं. चाक फिरवायचं नाही.

आम्ही सकाळी साडेसातला गॅरेजला पोचलो. शटरच्या आत विश्वकर्म्याची मूर्ती, समोर पाने, हातोडे ओळीने मांडलेले. आणि मधोमध आमची निळी गाडी, बॉनेटवर जास्वंदीचा हार. गल्लीत लाउडस्पीकर, गच्चीवर पतंग.

मी किल्ली मागितली. निमाईदा बघतच राहिला.

"आज नहीं, बौदी. आज गाड़ी नहीं चलता. आज इसका छुट्टी है."

"पूजा करून नेते ना. मी नारळ आणलाय."

"वो बात नहीं है." त्याने आवाज खाली आणला. "आज जो चलाता है... वो अकेला नहीं चलाता."

मी बाबांकडे बघितलं. ते गाडीजवळ उभे होते. हाताने दार चाचपत होते, मान तिरकी करून त्या छोट्या वर्तुळातून रंग बघत होते. एका माणसाने नऊ वर्षं वाट बघितली आणि हा मला सुट्टी सांगतोय.

"निमाईदा," मी म्हटलं, "काल गाडी झाली नव्हती. उद्या दवाखाना. आजचा दिवस सोडून मला एक दिवस दाखवा, मी तेव्हा येते."

त्याने किल्ली हातात दिली नाही, मूर्तीसमोर ठेवली. मी ती तिथून उचलली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि गाडी काढली.

गाडी रंगाला जायच्या आधी सहा रविवार बाबांनी मला ती गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत शिकवली होती. क्लच दाबायला अर्धं अंग लागतं आणि स्टीअरिंग वळवायला उरलेलं. वाटेतल्या पंपावर टाकी काठोकाठ भरली. पंचावन्न लिटर. लिटरला जेमतेम सहा किलोमीटर देते, म्हणून परतीसाठी दोन कॅनही भरून मागच्या हौद्यात बांधले.

विद्यासागर सेतू ओलांडला तेव्हा आम्ही दोघं गाणी म्हणत होतो.

कोलाघाट गेल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं.

रस्त्यावर ट्रक नव्हते.

एकही नाही. एरवी त्या हायवेवर ट्रकमधून वाट काढावी लागते. त्या दिवशी ते सगळे कडेला उभे. रांगाच्या रांगा. प्रत्येकाला हार, प्रत्येकाच्या काचेवर शेंदूर. ड्रायव्हर खाली बसून आमच्याकडे बघत होते. हात कुणीच केला नाही.

नंदकुमार गावाच्या पुढे पहिल्यांदा ऐकू आलं...

थाप.

मागच्या पत्र्यावर. एकच.

कोलकात्याच्या बसमधून फिरलेल्या माणसाला ही भाषा येते. कंडक्टरने पत्र्यावर एक थाप मारली की गाडी थांबवायची. दोन मारल्या की सोडायची.

मी गाडी थांबवली. उतरून मागे गेले. हौद्यात दोन कॅन, दोरीने बांधलेले, जागच्या जागी.

बाकी काही नाही.

"कॅन हलत असतील," मी बाबांना म्हटलं.

"असतील," बाबा म्हणाले. ते मान वळवून केबिनच्या मागच्या काचेतून बघत होते.

कांथी ओलांडून आम्ही डावीकडे वळलो आणि मंदारमणीच्या बाजूने समुद्राला खेटून जाणाऱ्या रस्त्याला लागलो. एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला बांध आणि त्यापलीकडे पाणी. वाळत घातलेल्या मासळीचा वास. बाबांनी काच पूर्ण खाली केली. त्यांची पांढरी दाढी वाऱ्यावर उडत होती आणि ते लहान मुलासारखे हसत होते. त्या एका क्षणासाठी मी आणखी दहा माणसांशी भांडले असते.

"ऋता," ते म्हणाले, "मागे त्याला ऊन लागत असेल गं."

"कुणाला?"

"मागे बसलाय त्याला."

मी आरशात बघितलं. हौदा रिकामा. दोन कॅन.

"बाबा... मागे कुणी नाहीये."

"पाठमोरा बसलाय, काचेला टेकून. केस पांढरे. खांद्यावर गमछा आहे." आवाज अगदी साधा होता. "मला वाटलं निमाईने माणूस दिला सोबत."

मी स्टीअरिंग घट्ट धरलं. काचबिंदूत असले भास होत असतील, मी स्वतःला समजावलं. औषधांनी होत असतील.

आणि मग इंजिनचा आवाज गेला.

गाडी बंद पडली नाही. नीट वाचा. गाडी चालूच होती, काटा पन्नासवर होता, झाडं मागे पळत होती... फक्त आवाज नव्हता. इंजिनची थरथर नव्हती. वारा वाजत नव्हता. लाटा फुटताना दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या.

मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला.

काटा पन्नासवरच राहिला.

मग त्या शांततेत...

थाप.

एकच. माझ्या डोक्याच्या बरोबर मागे.

थांब.

बाबा समुद्राकडे बघत होते. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. "केवढा आहे गं," ते म्हणाले. त्यांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं. "मी विसरलो होतो, केवढा असतो ते."

थाप. पुन्हा एक. आता जोरात. केबिनची काच हादरली.

मला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त राग आला. सासूबाईंनी थांब म्हटलं, सलीलने मेसेज करून थांब म्हटलं, निमाईदाने थांब म्हटलं. आता जो दिसतही नाही तो मला थांब म्हणणार?

मी उजवा हात खिडकीबाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर जोरात मारला.

एक. दोन.

चल.

काहीच झालं नाही. आम्ही तसेच जात राहिलो, आवाजाशिवाय. किती वेळ, सांगता येत नाही.

मग मागून दोन थापा आल्या. हळू.

इंजिन एकदम कानात शिरलं. वारा, लाटा, सगळं. मी पाय ठेवला, गाडीने ओढ घेतली.

दिघ्याच्या किनाऱ्यावर आम्ही बांधावर बसून डबा खाल्ला. बाबांनी डोळा पाण्यावरून हलवला नाही. मी मुद्दाम हौद्याकडे पाठ करून बसले. बघायचं तर त्याने बघावं.

परतताना काही झालं नाही. कोलाघाटला पेट्रोल घालायचं म्हणून काट्याकडे बघितलं, तर काटा भरलेल्या टाकीवर. अडकला असेल म्हटलं. गाडी बंद पडेल तेव्हा कॅन ओतू.

ती बंद पडलीच नाही.

बेहालाला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. निमाईदा दारातच बसला होता. उठला, बॉनेटवर तळहात ठेवला. पटकन काढून घेतला.

"हाथ लगाइए, बौदी."

मी हात लावला.

बॉनेट गार होतं. माठाला हात लावावा इतकं गार. गाडी साडेतीनशे किलोमीटर चालून आली होती.

त्याने टाकीत पट्टी बुडवली. पेट्रोल काठोकाठ होतं. सकाळी भरलं तेवढंच.

"गाड़ी तो चला ही नहीं," निमाईदा म्हणाला. "गाड़ी आज छुट्टी पे था."

चारही टायरच्या खाचांत ओली वाळू होती. ती मी माझ्या नखाने काढून बघितली.

मग आम्हाला नेलं कुणी?

मला माहीत नाही. निमाईदाला माहीत असावं, पण त्याने त्या दिवसानंतर माझ्याशी या विषयावर एक शब्द काढला नाही.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. सोमवारी पट्टी काढली. डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्यासमोर टॉर्च धरला.

बाबा म्हणाले, "लावा की टॉर्च."

तो लावलेलाच होता.

सासूबाई मला सगळ्यांसमोर बोलल्या. पितृपक्षात बाहेर पडलीस, पूजेवरची किल्ली उचललीस, भोग आता. मी ऐकून घेतलं, कारण त्या रडत होत्या. पण इथे लिहून ठेवते. ती नजर काचबिंदूने सहा वर्षं खाल्ली, आम्ही काढलेल्या गाडीने नाही. मला पश्चात्ताप नाही. पुन्हा तो बुधवार आला तर पुन्हा ती किल्ली उचलेन.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितलीही नसती.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी बाबांना चहा दिला. त्यांनी कप चाचपून घेतला. म्हणाले, "ऋता, कुणाला बोलू नकोस. मला सगळं काळं नाही दिसत."

मी त्यांच्याजवळ बसले. "काय दिसतं?"

"समुद्र. त्या दिवशीचा. निळा, हलणारा. सकाळी उठलो की असतो, झोपेपर्यंत असतो."

मला रडूच आलं. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, बाबा, मग तर झालंच. मिळालं ना तुम्हाला हवं ते.

"हो," ते म्हणाले. "फक्त मधे तो बसलाय."

"कोण?"

"तोच. पाठमोरा. आधी लांब होता, अंगठ्याएवढा. आता..."

त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर हात धरला.

तेव्हापासून मी रोज विचारते, आज समुद्र किती उरलाय. ते बोटांनी दाखवतात. डिसेंबरात डाव्या बाजूला पट्टा होता. आता कडेला एक रेघ आहे, त्याच्या कानाच्या वर. त्याचा चेहरा अजून दिसलेला नाही. तो वळत नाही, तसाच मागे मागे सरकत येतो.

निमाईदा गाडी द्यायला तयार नाही. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवलेत. सलील म्हणतो, हे सगळं मेंदूचे खेळ आहेत. असतील.

पण ती रेघ बाबांची आहे. नऊ वर्षं घासून त्यांनी ती कमावली आहे, आणि मी ती कुणाला फुकट झाकू देणार नाही. रात्री मलाही झोप लागत नाही. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तरी पाठीमागे बघावंसं वाटतं. तरीही ठरलंय.

रविवारी सकाळी मी बाबांना घेऊन बेहालाला जाणार आहे. निमाईदाने किल्ली दिली तर ठीक, नाही दिली तर कुलूप तोडेन. समुद्रावर गेल्यावर गाडी उभी करेन, पुढे चालवणार नाही. बाबांना पुढे बसवून मी मागे हौद्यात चढेन, काचेला टेकून, जिथे तो बसतो तिथेच बसेन.

आणि त्याला सांगेन, सरक.