हातठसा

सातवं वर्ष लागून चार महिने झाले, तेव्हा शर्वी घोरपडेने शाळेच्या शर्टाची सगळी बटणं पहिल्यांदा स्वतः लावली. सहा बटणं, नऊ मिनिटं. तिचा बाबा प्रणव दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता. आई ऋजुता मात्र तिच्या अंगठ्याकडे बघत होती. बटण काजातून बाहेर आलं की शर्वी ते अंगठ्याने हलकेच दोनदा दाबायची, शाबासकी दिल्यासारखं.

"दोनदा कशाला दाबतेस गं?"

"मी नाही. संपदाताई दाबते," कोपरापर्यंतची राखाडी बाही वर धरत शर्वी म्हणाली.

संपदाताई त्या वेळी साताऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरी बहुधा चहा पीत होती.

बाहीचं नाव होतं अनुकर. उन्हात स्कूटर चालवणाऱ्या बायका घालतात तसला लांब हातमोजा, पण त्याच्या विणीत केसाहून बारीक तंतू होते. विजेचा किंचित प्रवाह मिळाला की ते आखडत. उपचार केंद्रात संपदा अनुकरचा जोडीदार मोजा घालून शर्वीच्या हातावर हात ठेवायची. तो हात कुठे दाबला, कसा वळला, कधी सैल पडला, हे सगळं टिपलं जाई. या नोंदीला म्हणायचं हातठसा. मग घरी शर्वीने बटण धरलं की बाही नेमका तो ठसा शोधून तिला तसाच आधार देई.

शर्वीच्या बुद्धीत काही कमी नव्हतं. पाढे, गोष्टी, उलट उत्तरं, सगळं वेळेवर आलं होतं. अडत होतं ते हालचालींच्या आखणीत. चमचा तोंडाशी न्यायचा हे तिला कळे, पण आधी काय हलवायचं नि मग काय, हा निरोप मेंदूकडून हाताकडे जाताना वाटेतच विस्कटे. संपदा लोखंडे व्यवसायोपचारतज्ज्ञ होती. तो शब्द ऐकून प्रणवने पहिल्या भेटीत विचारलं होतं, "एवढ्याशा पोरीचा कसला व्यवसाय?"

"जेवणं, खेळणं, कपडे घालणं, डब्यातलं मैत्रिणीला देणं," संपदा म्हणाली होती. "मुलं दिवसभर हेच तर करतात. तोच त्यांचा व्यवसाय."

ऋजुताला ते उत्तर आवडलं होतं. संपदाही आवडली होती. पण पुढे वर्षभरात तिच्या मनात काहीतरी कुरतडू लागलं.

त्याला कारण होतं. ऋजुता एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. शीर शोधून देणारी यंत्रं केव्हाच आली होती, तरी तान्ह्या बाळाचं रक्त घ्यायचं असलं की हाक ऋजुतालाच. 'ताईंचा हात हलका आहे' हे गावभर ठाऊक होतं. बाळाला कळायच्या आत सुई आत जाऊन बाहेर आलेली असे. आणि तोच हात पोटच्या पोरीच्या काही कामाचा नव्हता. तिने घास भरवला तर शर्वी मान फिरवून म्हणायची, "मला ताईसारखं खायचंय." शर्वी भात कालवायची संपदासारखा, गोल गोल. कपाळावरचे केस मागे सारायची तेही तिच्यासारखेच. एकदा झोपेत तिची बोटं हलताना ऋजुताला दिसली. मुलगी आपली, त्या बोटांतली बाई दुसरीच, असं वाटून तिने दिवा मालवला.

एका मंगळवारी केंद्रात काचेपलीकडे दोघींना मणी ओवताना बघून तिला राहवलं नाही. सत्र संपताच ती म्हणाली, "मॅडम, घरच्यांचाही हातठसा घेता येतो ना? माझा घ्या की."

संपदा उरलेले मणी डबीत भरू लागली. "घेऊ या ना. तिसऱ्या टप्प्यात. अजून थोडं थांबा."

"मी आई आहे तिची."

"हो, ताई. म्हणूनच म्हणते, थोडं थांबा."

घरी परतताना ऋजुताने त्या 'थांबा'चा पार चोथा केला. थांबायला सांगणारी ही कोण?

पुढच्या रविवारी प्रणव बाहेर गेलेला असताना तिने फोनवर पालकांच्या खात्यातून अनुकरचं अ‍ॅप उघडलं. नवा ठसा नोंदवायला फार काही लागत नव्हतं. जोडीचा मोजा सरावासाठी घरी होताच. तिने तो चढवला, शर्वीच्या हातावर हात ठेवला आणि बटणं, नाडी, डबा, कंगवा, केळ सोलणं, सगळं करवून घेतलं. कुठे अडखळलं नाही. अर्ध्या तासात काम झालं. पडद्यावर प्रश्न आला: मुख्य हातठसा कोणता? संपदाचं नाव काढून तिने तिथे स्वतःचं टाकलं.

सोमवारी शर्वीने बटणं लावली चाळीस सेकंदांत.

"अगं, जादू केली की काय?" प्रणव ओरडला. ऋजुता नुसती हसली. तो सबंध आठवडा ती हवेत होती. शर्वीचे भुर्रकन चालणारे हात बघून तिच्या अंगावर मूठभर मांस चढे. अंगठा आता बटण दोनदा दाबत नव्हता. शर्वी मात्र जरा गप्प झाली होती. काम करताना पूर्वी ती जीभ बाहेर काढून त्यात बुडून जाई. आता हात चालू असताना ती खिडकीबाहेर बघे. ऋजुताला वाटलं, सराव झाला की असंच होतं.

पुढच्या मंगळवारी दुपारी अडीचला शाळेतून फोन आला.

अनुकरची बॅटरी दिवसभर पुरायची. त्या दिवशी हस्तकलेच्या लांबलेल्या तासानंतर ती दोनलाच संपली होती. शर्वी स्वच्छतागृहात गेली, स्कर्टचं हुक काढायला तिने हात लावला आणि हात तसाच राहिला. पंधरा मिनिटांनी बाई शोधत आल्या, तेव्हा ती ओल्या कपड्यांत भिंतीला टेकून उभी होती. दोन मुली हसत होत्या. हुक तर शर्वी गेल्या दिवाळीपासून बाहीशिवायही काढत होती.

ऋजुता लॅबच्या एप्रनवरच धावली. तिला वाटलं होतं, मुलगी गळ्यात पडून रडेल. शर्वी रडली नाही. म्हणाली, "मी वाट बघत होते. कुणी केलंच नाही."

संध्याकाळी केंद्रात ऋजुताने सगळं सांगून टाकलं. खाली मान घालून, एका दमात. संपदाने ऐकून घेतलं, मग पडद्यावर दोन आलेख उघडले. निळी रेघ बाहीच्या जोराची, तांबडी शर्वीच्या स्वतःच्या स्नायूंची.

"हा माझा ठसा. निळी रेघ मधे मधे तुटलीये बघा. तिथे मी हात नुसता ठेवते, करत काही नाही. दोन सेकंद, कधी पाच. आणि तांबडी नेमकी तिथेच वर येते." तिने दुसरा आलेख पुढे ओढला. "हा तुमचा."

निळी रेघ सलग होती, सुरेख, कुठेही न तुटलेली. खाली तांबडी जमिनीला चिकटली होती.

"बॅटरी म्हणूनच संपली. सगळं बाहीच करत होती," संपदा म्हणाली. "तुमचा हात खरंच सुंदर आहे, ताई. पण त्यात तिला शिरायला जागा नाहीये."

ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. लाजेचं होतं, आणि थोडं रागाचंही. इथेही हीच जिंकली.

"एक मलाही सांगायचंय," संपदा पडदा बंद करत म्हणाली. "तिसरा टप्पा दीड महिन्यापूर्वीच सुरू व्हायला हवा होता. माझा ठसा हळूहळू पुसायचा, घरच्यांना आत घ्यायचं, मग बाही सोडवायची. यंत्र रोज आठवण करून देत होतं. मी पुढे ढकलत राहिले."

"का?"

"मुलं येतात, शिकतात, जातात. वर्षभराने रस्त्यात ओळखतही नाहीत. हिचं मात्र सगळं माझ्यासारखं व्हायला लागलं होतं, केस मागे सारण्यापर्यंत. तुम्ही काचेपलीकडे उभ्या असायचात ना, तेव्हा वाटायचं, यांना काय, या आयुष्यभर आई राहणारच आहेत. चुकलंच माझं. मी केंद्रप्रमुखांना लेखी कळवणार आहे. तुम्हाला दुसरी तज्ज्ञ हवी असेल तर सांगा."

ऋजुताने तिच्या हातांकडे पाहिलं. बोटं आखूड, नखं कापलेली, एका अंगठ्याला चिकटपट्टी. या हातांचा ती वर्षभर हेवा करत होती, आणि हे हात तिचा.

"नको," ती म्हणाली. "मला थांबायला शिकवा."

सुईपेक्षा ते अवघड निघालं. शर्वीची नाडी निसटायची, डब्याचं झाकण तिरकं बसायचं, आणि ऋजुताचे हात आपोआप पुढे धावायचे. संपदाने सांगितलं होतं, स्वतःच्या मांडीखाली हात दाबून बसा. ती तशी बसली. प्रणवला आधी हसू आलं, मग तोही शेजारी तसाच बसला. बाहीतले संपदाचे नि ऋजुताचे ठसे रोज थोडे फिके होत गेले. बाही आधी शाळेपुरती उरली, मग तिथूनही सुटली. मधे एक आठवडा असा गेला की शर्वीला काहीच जमेना आणि तिने डबा भिंतीवर फेकला. त्यानंतर एके दिवशी तिची जीभ पुन्हा बाहेर आली.

जानेवारीतल्या एका दुपारी ऋजुता मटार सोलायला बसली होती. शर्वीने मूठभर शेंगा ओढून घेतल्या. एक शेंग तिने गुडघ्यांत धरली, टोक दातांनी तोडलं, मग डाव्या हाताच्या मधल्या बोटाने ती आतून उकलत नेली. दोन दाणे जमिनीवर उडाले, पाच वाटीत पडले. इतकी विचित्र तऱ्हा ऋजुताने कुठे बघितली नव्हती. संपदाची नव्हती, तिची स्वतःची तर नव्हतीच.

"असं कुणी शिकवलं तुला?"

"कुणीच नाही," वर न बघता शर्वी म्हणाली आणि दुसरी शेंग उचलली. "तू बघू नकोस ना. माझं चुकतं."

ऋजुता हसली. तोंड फिरवून आपल्या शेंगा सोलू लागली. छाती आनंदाने भरून आली होती, आणि त्याच आनंदात ती जुनी ओळखीची कळही उठली होती. या वेळी मात्र हेवा करायला समोर कुणीच नव्हतं. मागे एकेक दाणा वाटीत पडत होता. पाठमोरं बसून तो आवाज ऐकताना तिच्या मनात आलं, ज्या हातात आता आपण नाही आणि दुसरी कुणीही नाही, त्या हाताशेजारी आईने नेमकं कुठे बसायचं असतं?