कापता न आलेला जावई

अपेक्षा त्या जिन्यापाशी आली ती केवळ योगायोगाने. अमरावतीहून निघताना ज्या स्टुडिओचा पत्ता तिने विचारून घेतला होता, तिथे आता मोबाईलची कव्हरे विकली जात होती. आणि कव्हरे विकणाऱ्या गृहस्थाने मान न उचलता अंगठ्यानेच वरचा मजला दाखवला. अकोल्याच्या जठारपेठेतले मे महिन्याचे ऊन डोक्यावर घेऊन ती वर चढली, तेव्हा तिथला माणूस संगणकासमोर बसल्या बसल्या झोपी गेला होता.

“ऐकून राहिले का, भाऊ?”

त्याने डोळे उघडले, आणि झोपमोड झाली म्हणून नव्हे तर झोपलो म्हणून ओशाळावे, तसा किंचित हसला. “लग्नसराई झाली ना मॅडम... लोकं लग्न करून मोकळे होतात, झोप आमची जाते.”

“माझी लग्न करूनच गेली,” असे ती म्हणणार होती, पण म्हणाली नाही. कोचिंग क्लासमध्ये सहा दिवस रसायनशास्त्र शिकवून तिचा गळा बसलेला असे, आणि रविवारी शब्द वाया घालवणे तिला परवडत नसे. तिने पर्समधून चार छोट्या टेपा काढून टेबलावर ठेवल्या. भावाच्या लग्नाचे घरच्या हँडीकॅमवर केलेले चित्रण. कॅमेरा केव्हाच बिघडला होता. वडील, नत्थुजी, गेल्या वर्षी गेले. त्यांना पुन्हा चालता-बोलताना पाहावे अशी आईची, आशाबाईंची, इच्छा होती. मोबाईलमध्ये माणसे मुंगीएवढी दिसतात, म्हणून आईला टीव्हीवर लावायला डीव्हीडीच हवी होती.

“होऊन जाईन,” अंकुर म्हणाला. त्याचे नाव भिंतीवरच्या परवान्यात लिहिलेले होते.

“एक मानूस आहे याच्यात. त्याले काढून टाका. सगळीकडून.”

“कोन?”

“माझा नवरा होता.”

अंकुरने पुढचा प्रश्न विचारला नाही. तिला तेवढ्यानेच हायसे वाटले. अमरावतीत हे वाक्य उच्चारल्यावर निदान अर्धा तास तरी उत्तरे द्यावी लागत.

पहिली टेप सुरू झाली. मांडव, हळदीची गर्दी, कोणाच्या तरी पाठीमागून डोकावणारे पोर... आणि मग पांढऱ्या सदऱ्यातले नत्थुजी. अपेक्षा पडद्याजवळ सरकली. त्यांच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लावून, तो बसला होता. पुढच्या दृश्यातही, त्याच्या पुढच्याही. नवा जावई! त्याला सासऱ्याच्या बाजूची जागा, त्याला पहिला फेटा, पंगतीत पहिले ताट त्याला. रीतच तशी होती, आणि नत्थुजी रीतीत कुठे कमी पडणारे गृहस्थ नव्हते.

“मॅडम, भानगड आहे एक,” अंकुर म्हणाला. “याच्यातून मानूस कापता येत नाही, वेळ कापता येते. जावई गेला का त्याच्यासंगं तुमचे बाबाही जातीन.”

“मोठं करून घ्या ना बाबाले. तो बाहेर जाईन.”

“करून पाहतो. पन जुनी टेप आहे हे.”

पुढच्या रविवारी त्याने ते करून दाखवले. जावई चौकटीबाहेर गेला होता खरा. पण मोठा केलेला नत्थुजींचा चेहरा चौकोनाचौकोनांत विरघळला होता. मग त्याने कापलेली प्रत लावली. चार टेपांतून उरले ते एवढेच, की समोरचा चहा पुरता निवायच्या आत संपले.

“तुमीच ठरवा,” तो म्हणाला. “मी तर म्हनतो, राहू द्या.”

“तुमाले काय जातं म्हनायले? आईले त्रास होते त्याले पाहून.”

“आईले का तुमाले?”

ती उठलीच. “तुमी सगळ्याच गिऱ्हाइकांसंगं वाद घालता का?”

“नाही बाप्पा. बाकीच्यायचं काम करून देतो, पैसे घेतो.” तो थांबला. “बसा. चिडू नका. थकल्यासारख्या दिसून राहिल्या.”

ती बसली. तिला कोणी बऱ्याच दिवसांत ‘बसा’ म्हटले नव्हते. आणि बसल्यावर, कोणालाही न सांगितलेली गोष्ट तिने भिंतीकडे पाहत सांगितली. “मी ते घर सोडून आली... तवापासून बाबा चूप झाले. रागावले नाहीत, काहीच नाही. त्यायचा लई जीव होता त्याच्यावर. मले वाटे, त्यायले जावई गेल्याचं दुःख आहे, पोरगी परत आल्याचं सुख नाही. तसेच गेले ते.”

अंकुरने कापलेली प्रत बंद केली. मग त्याने मूळ टेपेतले पंगतीचे दृश्य लावले.

“पाहा. बाबा बुंदी वाढून राहिले त्याले. पन डोळे कुठं आहेत?”

नत्थुजींचा हात जावयाच्या पानावर होता. नजर मात्र उजवीकडे, चौकटीच्या पलीकडे. अंकुरने फेट्याचे दृश्य लावले. पुन्हा तेच — हात फेट्यावर, नजर दूर.

“असं दरवेळेस आहे. कापायसाठी एकेक दृश्य पाहिलं, तवा दिसलं. आता कॅमेरा जिकडं वळते, तिकडं पाहा...”

कॅमेरा वळला. खांबाला टेकून, हिरव्या शालूतली अपेक्षा उभी होती, हसत होती. कॅमेरा परत आला, तेव्हा नत्थुजीही हसत होते — लेक हसली का, एवढेच पाहून घेतल्यासारखे.

“त्याच्यावर जीव नव्हता त्यायचा,” अंकुर हळूच म्हणाला. “त्याले खूश ठेवून राहिले होते. तुमच्यासाठी.”

तिने ते दृश्य पुन्हा लावायला सांगितले. मग आणखी एकदा. रडू आले नाही; फक्त कित्येक वर्षे ताठ धरलेली मान तिने खुर्चीच्या पाठीवर टाकली.

“राहू द्या त्याले,” ती म्हणाली. “तो तिथं आहे, म्हनून तर बाबा मले पाहून राहिले.”

अंकुरने कोरी डिस्क यंत्रात सरकवली. यंत्र घरघरू लागले.

“काम तर झालं. आता तुमी काहून येसान अकोल्याले?” त्याने विचारले. स्वर थट्टेचा होता, डोळे नव्हते.

“आली असती... पन मले कंटाळा आला आहे, अंकुर. नव्या मानसाले सगळं पयल्यापासून सांगायचा. मले काय आवडते, कशाची भीती वाटते...”

“मले नका सांगू. चार टेपा पाहिल्या म्या. तुमी पंगतीत बुंदीचा दुसरा द्रोण लपवता. नाचताना डावा पाय चुकते. पावण्यायले ‘या’ म्हनता अन् पाठ फिरली का तोंड वाकडं करता.”

तिला हसू आवरेना. “वा रे! हे सगळं डिस्कवर चाललं?”

“चाललं. कापलं नाही.”

“अन् मी? म्या तुमचं काय पाहिलं? झोपलेला मानूस पाहिला फक्त.”

“माझं सांगासारखं काही नाही.”

“तरी सांगा.”

“आज नको... लई थकलो आहो.”

“मंग थकल्यावानीच सांगा. मलेही तसंच ऐकता येईन आज.”

यंत्राचा कप्पा खटकन उघडून पुढे आला. ऊबदार, चकचकीत डिस्क त्यात तयार होती. ती उचलायला कोणीच उठले नाही. अंकुरने खुर्ची तिच्याकडे वळवली, चष्मा काढून ठेवला, आणि जरा चाचरत, कुठून सुरुवात करावी याचा विचार करत, बोलू लागला.